ताबापत्रावर सही करण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरा

प्रश्न : पुनावळ्यात २२ मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर आम्ही दोन बेडरूमचं घर घेतलंय. किंमत ७८ लाख. बिल्डरचं ताबा घेण्याचं पत्र आलंय आणि उरलेले पाच टक्के पंधरा दिवसांत भरायला सांगितलेत. दसऱ्याला गृहप्रवेश करायचा विचार आहे, दिवाळीनंतर फर्निचरचं काम सुरू होईल. माझा भाऊ म्हणतो, बाहेरचा इंजिनिअर आणून आधी घर तपासून घ्या. मिस्टर आणि सासरे म्हणतात, नव्या कोऱ्या घरात तपासायचं काय? महापालिकेचा दाखला आहे, बँकेने कर्ज दिलंय, वर पाच वर्षांची हमी आहे. साइटवरचे साहेबही म्हणतात, काही निघालं तर आम्ही आहोतच. हा खर्च करावा का?

उत्तर : ताई, तपासून घ्या, आणि दसऱ्याच्या आधी घ्या. घरच्यांचा ज्या तीन गोष्टींवर भरवसा आहे त्या तिन्ही खऱ्या आहेत. पण तुमच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरतंय का, हे त्यांपैकी एकीनेही बघितलेलं नाही.

भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिका बघते ते इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली का, अग्निशमन दलाचा दाखला आहे का, पाणी, ड्रेनेज, लिफ्ट यांचे कागद पूर्ण आहेत का. हे प्रमाणपत्र हवंच, त्याशिवाय ताबा घेऊ नका. आणि ते ‘अंशतः’ असेल तर तुमची विंग आणि तुमचा मजला त्यात आहे का, हे स्वतः वाचून बघा. बँकेचा माणूस येतो तो कर्ज वसूल होईल एवढी किंमत घराला आहे का आणि काम कुठवर आलंय, हे बघायला. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर प्रकल्पाच्या दर्जाबद्दल फॉर्म २अ असतो. तोही जरूर वाचा, पण त्यावर सही असते ती प्रकल्पावरच्याच इंजिनिअरची. या सगळ्या साखळीत तुमच्या बाजूने, तुमच्या पैशाने, तुमच्या चार भिंती बघणारं कुणीच नाही.

राहिली हमी. रेरा कायदा २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत ढाच्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींत दोष आढळला आणि तुम्ही तो कळवलात, तर विकासकाने ३० दिवसांत जादा पैसे न घेता तो दुरुस्त करून द्यायचा असतो. कायदा चांगला आहे. घोडं अडतं ते पुराव्यावर. दिवाळीनंतर तुमचा सुतार भिंतीत दोनशे भोकं पाडणार, इलेक्ट्रिशियन झिरी मारणार, प्लंबर गिझरची जागा हलवणार. फेब्रुवारीत कपाटामागे ओल दिसली की उत्तर तयार असतं : ‘तुमच्या माणसांनी पाइप फोडला असेल.’ आणि बहुतेक करारनाम्यांत असं कलम असतंच की घरमालकाने फेरफार केले तर त्यातून आलेल्या दोषाला विकासक जबाबदार नाही. घर रिकामं असताना, तुमचा एकही खिळा आत गेलेला नसताना, तारीख आणि फोटो घालून केलेला अहवाल हाच हा वाद मिटवतो. तपासणीचा खरा उपयोग हा आहे.

नव्या घरात दोष कसा, हा सासऱ्यांचा प्रश्न साहजिक आहे. पण दहा वर्षं वापरलेल्या घराच्या खोडी तोवर बाहेर पडलेल्या असतात. कुठे गळतं, कुठला नळ कुरकुरतो, हे शेजाऱ्यांनाही माहीत असतं. नव्या घरात अजून एक दिवसही कुणी आंघोळ केलेली नाही. शिवाय एका बाथरूममध्ये पाच-सहा पेटी (हाताखालच्या छोट्या) कॉन्ट्रॅक्टरांची माणसं पाठोपाठ काम करून जातात. वॉटरप्रूफिंगवाला त्याचा थर मारून गेला की प्लंबर येऊन पाइपला क्लॅम्प ठोकतो आणि तोच थर फुटतो. टाइलवाला बरासवर, म्हणजे दर शंभर चौरस फुटांमागे, पैसे घेतो, त्यामुळे फुटलेला थर सांगत बसण्यापेक्षा त्यावर माल पसरून तो पुढे जातो. वरून टाइल आली की सगळं झाकलं. कुणाच्या मनात खोट असायची गरज नाही. एका वेळी शंभर-दीडशे घरांचे ताबे द्यायचे असतात, तेव्हा असं होतंच.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ बाथरूमला द्या.

बाथरूमच्या फरशीत पाणी भरून ठेवायची चाचणी साधी आहे आणि तिला तोड नाही. फरशीतलं पाणी जातं त्या नहाणी ट्रॅपच्या तोंडात रबरी टेस्ट प्लग बसवा, तो नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ओला फडका घट्ट बांधून कोंबा. दारात सिमेंट-वाळूचा अडीच इंचांचा बांध घाला, कारण बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा जेमतेम अर्धा-एक इंचच खाली असते. मग साधारण दोन इंच पाणी भरा. ४ बाय ७ फुटांच्या बाथरूमला १३० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ बादल्या लागतात. या वजनाने स्लॅबला काही होत नाही. भिंतीवर मास्किंग टेप लावून पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारा, वेळ लिहा, फोटो काढा. शेजारी अर्धी बादली पाणी ठेवून तिच्यावरही तशीच रेघ मारा, म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते कळेल. फरशीवरची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर पाणी दुसरीकडे जातंय. कधी प्लगच सैल असतो, म्हणून नुसत्या रेघेवर निकाल देऊ नका. निकाल मिळतो खालच्या घरात.

किमान २४ तास ठेवा, जमलं तर ४८. टाइल बसलेली असली की पाणी आधी टाइलखालच्या मालात मुरतं, तिथून स्लॅबच्या कमजोर जागेपर्यंत पोचायला वेळ घेतं. सहा तासांनी ‘बघा, कोरडं आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. साइट इंजिनिअरकडून दहाव्या मजल्यावरच्या घराची किल्ली मागा, बाथरूमच्या छतातलं झाकण उघडा आणि टॉर्च मारून वर बघा. बघायचं ते स्लॅबच्या मधोमध नाही, तर पाइप स्लॅबमधून खाली उतरतो तिथे, भोवतीच्या रिंगणात. स्लॅबला भोक पाडून पाइप टाकतात आणि मधली फट ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मसाल्याने) भरतात. तो ग्राउट न आक्रसणारा नसेल किंवा घाईत साधा माल कोंबला असेल, तर पहिली ओल तिथेच येते. दुसरी जागा डक्टच्या, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीच्या, बाजूची भिंत.

तसंच वरच्या, बाराव्या मजल्याच्या बाथरूममध्येही पाणी भरायला लावा आणि तुमच्या बाथरूमचं छत उघडून बघा. तुमच्या डोक्यावर गळणार ते वरच्यांचं पाणी. ते घर अजून रिकामं असेल तर आत्ता अर्ध्या तासाच्या बोलण्यात होणारं काम पुढे दोन कुटुंबांच्या भांडणाचं होतं.

पाणी सोडून दिल्यावर फरशीचा उतार दिसतो. प्लग काढा आणि पाहत राहा. शेवटी कोपऱ्यात, कमोडच्या मागे किंवा उंबऱ्यापाशी डबकं उरलं तर उतार चुकला. नंतर कोरड्या फरशीवर गोटी सोडून खात्री करता येते. उतार साधारण १०० ला १ हवा, म्हणजे एक मीटरला एक सेंटिमीटर. हा दोष रसायनाने किंवा ग्राउटने जात नाही. टाइल उचलून पुन्हा बसवाव्या लागतात, म्हणून तो सामान आत यायच्या आधीच मांडायचा. भिंतीतलं वॉटरप्रूफिंग किती उंच नेलंय तेही विचारा. फरशीपासून सगळीकडे निदान एक फूट आणि शॉवरच्या भिंतीवर पाच-सहा फूट हवं. फरशी आणि भिंतीच्या कोनात वाटा (मालाची गोलाई) घातला होता का, तेही विचारा. काम चालू असतानाचे फोटो असतील तर मागून घ्या.

याच वेळी सगळे नळ एकदम दहा मिनिटं चालू ठेवा. बेसिन आणि सिंकखालच्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा, थेंबभर ओलही त्यावर लगेच दिसते. नळाखाली १५ लिटरची बादली भरायला अडीच मिनिटांहून जास्त लागली तर दाब कमी आहे किंवा जाळीत वाळू अडकलीय. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. तुमच्या डोक्यावर अकरा मजले आहेत, म्हणजे उलट दाब जास्त असण्याची शक्यता अधिक, आणि तो कमी करणारा व्हॉल्व्ह तुमच्या लाइनवर आहे का हे विचारायला हवं. नसेल तर एखाद्या रात्री फ्लशटँकची लवचिक नळी फुटते. ट्रॅपमधून फ्लशएवढ्या जोराने दोन बादल्या ओता. पाणी गुडगुडत थांबलं तर आत सिमेंटचा रेंदा किंवा टाइलचे तुकडे आहेत.

आता भिंती आणि खिडक्या. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही, हे तुमच्या पथ्यावर पडलंय. जोराच्या सरीनंतर त्याच दिवशी जा. नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा पाऊस अकराव्या मजल्यावर वाऱ्याने आडवा आपटतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या आधी बघा. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत आणि खिडकीखालच्या भिंतीवर हाताचा तळवा टेकवा. रंग थंड, जरासा फुगलेला लागला किंवा पांढरी पूड हाताला आली तर लोणा धरायला सुरुवात झालीय. पाऊस नसेल तर खिडकीतून बाहेर पाइप काढून काचेच्या आणि चौकटीच्या सांध्यांवर पंधरा मिनिटं पाणी मारा. खिडकीखालच्या दगडाला बाहेर उतार हवा आणि बाहेरच्या कडेला खालून खाच हवी, म्हणजे पाणी तिथून थेंबाने सुटतं, भिंतीला चिकटून मागे येत नाही. स्लायडिंगच्या खाचेत पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. ती सिलिकॉनने बुजलेली सापडणं फार नेहमीचं आहे.

तुमची इमारत मायव्हन पद्धतीची आहे का, ते विचारा. २२ मजल्यांच्या बऱ्याच इमारती आता तशाच बांधतात. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. त्यात विटा नसतात, सगळं काँक्रीट. साच्याच्या दोन बाजू धरून ठेवणाऱ्या पट्ट्या नंतर काढल्या की बाहेरच्या भिंतीत ठराविक अंतरावर आरपार छिद्रं राहतात. ती आतून आणि बाहेरून न आक्रसणाऱ्या ग्राउटने भरायची असतात. बाहेरून नुसता मालाचा लपका मारला की पहिल्या पावसात आतल्या भिंतीवर रुपयाएवढे ओले ठिपके उमटतात, तेही एका ओळीत, सारख्या अंतरावर. असे ठिपके दिसले तर ‘रंग वाळतोय’ हे स्पष्टीकरण मान्य करू नका. रंग वाळताना ओळीत ठिपके पडत नाहीत. अशा घरात आणखी एक पथ्य : भिंत म्हणजेच ढाचा, त्यामुळे तुमच्या इंटिरिअरवाल्याला एकही भिंत तोडता किंवा खोल झिरी मारता येणार नाही. हे त्याला आराखडा काढायच्या आधीच सांगा.

भिंती ब्लॉकच्या असतील तर भेगा बघायला शिका, कारण सगळ्या भेगा सारख्या नसतात. बीमच्या खाली आडवी किंवा कॉलमच्या कडेने उभी सरळ भेग बहुधा दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची असते. ब्लॉक वाळताना आक्रसतात, शेवटचा थर घाईत बीमला भिडवलेला असतो आणि सांध्यावर सहा-आठ इंच रुंदीची जाळी लावलेली नसते. ती धोक्याची नाही, पण नुसत्या पुट्टीने बुजवली तर वर्षात परत येते. भेग उघडून, जाळी लावून दुरुस्त करायला सांगा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग लिंटेलचं (खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीचं) टेकण अपुरं असल्याची खूण असू शकते. आणि बीमवर, कॉलमवर किंवा स्लॅबच्या खालच्या अंगाला तिरकी भेग असेल किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी तीच भेग दिसत असेल, तर तिथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मापासाठी एटीएम कार्ड पुरतं. त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते, आणि काँक्रीटच्या भेगेची मर्यादा भारतीय मानकात साधारण ०.३ मिलिमीटर धरतात. कार्डाची कड आत शिरत असेल तर ती भेग हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. पंधरा दिवसांनी टोक पुढे सरकलं का तेही कळतं.

टाइल वाजवून बघायचं काम तुम्ही स्वतः करू शकता. नाण्याच्या कडेने किंवा स्टीलच्या छोट्या सळईने प्रत्येक टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये टकटक करा. भरीव टाइल टणक वाजते, पोकळ टाइल बद्द. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीने सिमेंटच्या रबडीवर बसवली की ती नीट धरत नाही. चिकटवायचा मसाला पाच ठिपक्यांत लावला तरी मध्ये हवा राहते. एखाद्या कोपऱ्यात पोकळ आवाज आला तर जीव टांगणीला लावू नका, पण निम्मी टाइल पोकळ असेल तर बदलून मागा. कपाटाच्या पायाखाली ती पुढे तडकणारच. पोकळ टाइलवर कागदी टेपची फुली मारा, पक्क्या मार्करने नको. बदलताना त्याच बॅचची टाइल हवी, नाहीतर रंग वेगळा दिसतो. आणि प्रत्येक प्रकारच्या टाइलचा एक खोका तुमच्यासाठी मागून ठेवा, पाच वर्षांनी तो नग बाजारात नसतो.

स्वयंपाकघराची भिंत गुण्यात (काटकोनात) आहे का, हे तयार ट्रॉल्या करून घेणाऱ्यांनी बघायलाच हवं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोन काटकोन. अर्धा-पाऊण इंच चुकलं तर कपाट आणि भिंतीत पाचरीसारखी फट राहते. पाणसळ आणि ओळंबा इंजिनिअर आणेलच. खोल्यांची लेझरने मापं घेऊन कार्पेट क्षेत्र करारनाम्याशी ताडून बघा. रेराच्या व्याख्येत घरातल्या घरात असलेल्या भिंतींची जागा धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक करारनामा चालवून घेतो, त्यापुढे हिशेब पुन्हा करावा लागतो. बाल्कनीचा कठडा फरशी झाल्यावर मोजा. मीटरभरही भरत नसेल तर तो यादीत सगळ्यात वर लिहा.

वीज बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर नको, तुमच्या मीटरवरून चालू करून घ्या. विजेच्या डब्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे का बघून त्याचं चाचणीचं बटण दाबा. लगेच पडला पाहिजे. साधा सॉकेट टेस्टर प्रत्येक प्लगमध्ये घालून फिरा, फेज-न्यूट्रल उलटे किंवा अर्थिंग तुटलेलं लगेच सापडतं. मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. शून्य आलं तर तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नाही, आणि गिझरच्या जागी हे जिवावर बेतणारं आहे. एसी आणि गिझरच्या एक-दोन प्लेटा उघडून वायरवर छापलेला आकडा वाचा. एसीला ४ चौरस मिलिमीटर असली की निश्चिंती. २.५ च्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) बसवलेला असेल तर वायर आधी तापेल आणि एमसीबी नंतर पडेल. हे बदलायलाच लावा.

दारं उघडझाप करून बघा, अर्धवट उघडं ठेवलेलं दार आपोआप फिरत असेल तर चौकट ओळंब्यात नाही. कडी, कुलूप, बिजागरी, काचेवरचे ओरखडे, करारनाम्यातल्या यादीप्रमाणे कंपन्या, हे सगळं तासाभरात उरकतं.

एक गोष्ट या तपासणीत कळत नाही : काँक्रीटच्या पोटात काय आहे. गुरुग्राममध्ये १० फेब्रुवारी २०२२ रोजी काही वर्षांपूर्वीच बांधलेल्या एका उंच इमारतीत सहाव्या मजल्याची फरशी खचली आणि खालचे स्लॅब पहिल्या मजल्यापर्यंत कोसळत गेले. दोघींचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आणि त्यामुळे गंजलेलं लोखंड आढळलं. असला दोष घरातल्या नजरेला दिसत नाही. त्यासाठी २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजल्याचे) अहवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागा, आणि तुमच्या विंगमधले दहा-बारा जण मिळून पार्किंगमधल्या कॉलमची, काँक्रीट न फोडता होणारी हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी करून घ्या. एकट्याला परवडत नाही, वाटून घेतलं की जड जात नाही. कोकणात, गोव्यात किंवा खाडीकाठी घर घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

माणूस निवडताना साइटवर हात काळे केलेला सिव्हिल इंजिनिअर बघा. बिल्डरने, एजंटने सुचवलेला नको, तुमचा इंटिरिअरवालाही नको. स्वतः वॉटरप्रूफिंगची कामं घेणारा तर अजिबात नको, त्याला प्रत्येक भिंतीत काम दिसतं. आधीच्या एका अहवालाचा नमुना मागा, नाव-पत्ता झाकून चालेल. प्रत्येक दोषाला फोटो, नेमकी जागा आणि कारण लिहिलेलं हवं. दुरुस्तीनंतर पुन्हा येणार का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे आधी ठरवा. थर्मल कॅमेऱ्याच्या रंगीत चित्रांना भुलू नका. तो पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो, त्यामुळे त्याच जागी मॉइश्चर मीटर टेकवून आणि शेजारच्या कोरड्या भिंतीशी आकडा ताडून बघणारा माणूस खरा जाणकार. फी बहुधा चौरस फुटावर घेतात. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि ती रक्कम तुमच्या हातात अजून असलेल्या ३ लाख ९० हजारांशेजारी ठेवून बघा.

या पैशांबद्दल जपून. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात शेवटचा पाच टक्क्यांचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर ताब्याच्या वेळी द्यायचा असतो, आणि दुरुस्ती पटकन करून घेण्याची तुमची खरी ताकद तोच आहे. पण मुदत टळली तर त्यावर व्याज लागतं, आणि मेंटेनन्सही पत्रातल्या तारखेपासून मोजायला लागतात. म्हणून हप्ता अडवून बसू नका, मुदतीच्या आत तपासणी उरका. आजच ईमेल करा : अमुक तारखेला आमचे प्रतिनिधी म्हणून इंजिनिअर येतील, दहाव्या आणि बाराव्या मजल्याची बाथरूम उघडी ठेवावीत, पाणी आणि वीज चालू असावी. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही असं तोंडी सांगितलं तर ‘कृपया हे लेखी कळवावे’ एवढंच उलट लिहा. रेराच्या कलम १९(१०) मध्ये भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घ्यायला दोन महिने दिलेत, करारनाम्यातली मुदत त्याहून कमी असू शकते, तेवढी वाचून घ्या. ‘फर्निचर सुरू करा, ताबा नंतर’ अशी भोगवट्याआधीची किल्ली मात्र घेऊ नका.

अहवाल आला की त्याच दिवशी यादी ईमेलने पाठवा आणि पोच घ्या. गळतीच्या दुरुस्तीत रंगाला शेवटी हात लावू द्या. आधी पुन्हा ४८ तास पाणी भरायचं, खालचं छत कोरडं राहिलं की मगच पुट्टी.

दसऱ्याचा मुहूर्त चुकवायची गरज नाही. त्या दिवशी कलशपूजा करू द्या म्हणून विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त पूजेच्या गडबडीत पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. त्या ताबापत्रात हमखास एक ओळ असते : ‘घराची पाहणी केली असून माझी कोणतीही तक्रार नाही.’ दुरुस्त्या बाकी असताना सही करावीच लागली, तर ती ओळ खोडून बाजूला दोघांच्या सह्या घ्या आणि खाली हाताने लिहा : ‘अमुक तारखेच्या ईमेलमधील दोषांची यादी अद्याप प्रलंबित आहे. त्या दोषांबाबतचे आणि रेरा कायद्याच्या कलम १४(३) खालील आमचे सर्व हक्क राखून ताबा घेत आहोत.’ त्या पानाचा फोटो काढूनच किल्ली हातात घ्या.